दगडाबाईची दाढ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन माननीय सुंदरराव आप्पा, तालुक्याहून आलेले डॉक्टरसाहेब, सरपंच मुक्ताबाई, खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या आशाताई, आणि पंगत कधी बसणार एवढ्याचसाठी मागं ताटकळत थांबलेली थोर मंडळी, सगळ्यांना या सरस्वतीबाई नर्सचा निरोपाचा नमस्कार.

आताच माझं मानपत्र वाचलं. भाषा लई गोड. त्यात लिहिलंय, एकोणतीस वर्षांत मी एकाही गरोदर बाईला उपकेंद्राच्या दारातून माघारी धाडलं नाही. कोणी लिहिलं हो हे? मला एकदा विचारायचं तरी. हे धादांत खोटं आहे.

दोन हजार तेराचा दुष्काळ आठवतो ना? आप्पांच्या संस्थेनं माळावर जनावरांची छावणी घातली होती. चांगलं काम केलं, नाही म्हणत नाही. जनावरांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाजारात आपला गडी बैलाचा जबडा उघडून दात मोजल्याशिवाय दाव्याला हात लावत नाही. पण घरातल्या गरोदर बाईचं तोंड कोणी उघडून बघतं का? तिच्या हिरड्यांतून रक्त आलं की सासू सांगते, घासू नको, तंबाखूची मिश्री लाव. वर हेही ऐकवतात, की एका लेकरामागं एक दात जायचाच. जणू सरकारनं घरपट्टीसारखी दातपट्टीच बसवलीय!

त्या छावणीत दगडाबाई होती. सहावा महिना, दाढ किडलेली. गालाला हात लावून ती माझ्याकडं आली. मी वजन लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तोंडात न डोकावताच मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "पोटुशी असताना दात काढत नसतात. बाळंत झाल्यावर बघू." हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं? कुठल्याच नाही. माझ्या आईचं ऐकलेलं मी सरकारी नोकरीच्या तोऱ्यात सांगितलं, एवढंच.

पंधरा दिवसांत तिचा गाल टरारून फुगला. भाकरी चावेना, अंगात ताप. शेवटी ती जनावरांच्या डॉक्टरांपुढं बैलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पदर बाजूला करून म्हणाली, "साहेब, ह्यांच्या मागून माझं बी तोंड बघा."

मंडळी खो खो हसली. आप्पा, तुम्हीही हसलात. मी तिथंच लसीकरणाला बसले होते. डॉक्टर मात्र हसले नाहीत. पू झालाय, आजच बीडला नेऊन दाढ काढा, गरोदरपणात काढता येते, लेकराला त्यानं धोका नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. संस्थेची जीप उभीच होती. आप्पा म्हणाले, दातासाठी कुठं जीप सोडतात का? ती जीप पाहुण्यांना घेऊन कपिलधारला दर्शनाला गेली. आणि मी? मी तोंड शिवून बसले. दाढ काढू नको असं मीच सांगितलं होतं ना!

तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. सातव्यातच. मुलगी झाली, सकाळी झाली आणि दुपारी गेली. ती त्या दाढेपायीच गेली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण अंगात ताप होता, आणि तो कशाचा होता हे मला ठाऊक होतं. बाराव्या दिवशी दगडाबाई एकटीच उपकेंद्रात आली. बाकावर बसली आणि म्हणाली, "झाले बाई बाळंत. आता काढा माझी दाढ."

तेव्हापासून येईल त्या गरोदर बाईला मी आधी 'आ कर' म्हणते. लोक मला 'दातवाली' म्हणून चिडवतात, चिडवू द्या. मागच्या साली संस्थेनं गरोदर बायांसाठी दंतशिबिर घेतलं. दोन तासांतला दीड तास भाषणांत गेला. उरलेल्या वेळात फोटोसाठी आप्पांनी स्वतःचाच जबडा तपासून घेतला. वा रे शिबिर! बाया उन्हात बसून घरी गेल्या.

आशाताई, माझ्या जागी नवी पोरगी येईल. तिला 'बाळंत झाल्यावर' म्हणू देऊ नका. बाई गरोदर आहे कळलं की दाताच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त आलं तरी मऊ ब्रशनं दोनदा घासायला सांगा, आणि मिश्रीची डबी तुमच्या हातानं फेकून द्या.

शाल दिलीत, नारळ दिलात, आभारी आहे. जीभ जरा तिखट चालली असेल तर तुम्ही सांभाळून घ्याल. दगडाबाईच्या घरी मी माफी मागायला गेलते. तिनं बसायला पोतं टाकलं, चहा पाजला. मी माफीचं काढलं, तशी ती उठून कप विसळायला गेली.