बिनचीजचं ताट

— मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, तुम्हीच सांगा, बाई? सायकलवर ठेवा, ते मी सांगतो. लोखंडाला लबाडी जमत नाही. चेन सैल झाली की कुरकुरते, ब्रेक झिजला की किंचाळतो, जे असेल ते तोंडावर. माणूस मात्र — बसा, त्या स्टुलावर बसा, सीट बसवायला वेळ लागणार आहे मला — माणूस हसत हसत तुमच्या बाटलीतलं पाणी पितो आणि... असो. आधी तुमचा पाय बघू. टेकवा. टाच नको, चवडा. हं, शाळेतल्या बाईंना शोभेल अशी उंची आहे, मुलं घाबरत असतील.

रविवारच्या फेरीला यायचं म्हणता ना? खिडकीतली पाटी वाचून आलात? ती नाही हो, फेरीची ती खालची. वरची वेगळी — ‘मोटार लावलेल्या सायकली इथे विकल्या जात नाहीत, दुरुस्त होत नाहीत आणि त्यांच्याविषयी बोललंही जात नाही.’ माझ्या हातचं अक्षर आहे. लोक थांबून फोटो काढतात तिचे. एक जण तर म्हणाला, विल्फ प्रॉसर, तुझ्या दुकानापेक्षा तुझी पाटीच जास्त चालते. चालू दे की, म्हटलं, पाटीला भूक लागत नाही.

तर फेरी. शर्यत नाही बरं का ती, कुणी सांगितलं तुम्हाला? सकाळी इथे दुकानासमोर जमायचं, माझ्या किटलीतला चहा घ्यायचा, आभाळाला नावं ठेवायची आणि निघायचं. झुडपांच्या कुंपणांमधल्या गल्ल्या, मेंढ्या आडव्या आल्या की उतरायचं, कुणाच्या परसातली सफरचंदं पिकली ते बघायचं, आणि दुपारच्या जेवणाला ‘लंगडी कालवड’. पबच हो. नावावर जाऊ नका, तिथली कालवड सोडून बाकी सगळेच संध्याकाळी लंगडत बाहेर पडतात. नियम एकच — सगळ्यांत हळू जो, त्याच्या चालीनं सगळे. फक्त जेकबच्या चढावर ज्याची त्याची छाती. वर लाकडी फाटक आहे. पुढचा तिथे थांबतो आणि ओरडतो, “सगळे वर?” आणि शेवटचा माणूस डोकी मोजून ओरडतो, “सगळे वर!” ते ऐकल्याशिवाय पलीकडच्या उताराला एक चाक लागत नाही. खाली कालवडीच्या स्वयंपाकघरातून वाफ निघताना दिसत असते, पोटात कावळे कोकलत असतात, तरी नाही. एकदा धो धो पावसात हेटी — आमची जुनी पोस्टमास्तरीण, जिभेला धार — टोपीतून पाणी गळतंय तरी फाटकाशी उभी. का? तर बेझिल, आमच्यातलाच एक, खाली झाडामागे गेला होता. आला तेव्हा म्हणाली, “बेझिल, तुझं पाणी संपलं असेल तर आभाळाचंही सांग संपवायला.”

शेवटचा माणूस मी. म्हणजे मी आणि मर्विन. मर्विन गॉफ — अजून भेटला नाहीत? आवाज ऐकाल. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. बैल घ्यायला आलेला माणूस गाय घेऊन घरी जायचा आणि बायकोला सांगायचा, बैलच आहे. आम्ही दोघं कायम मागे. चढाच्या मध्यावर ओकचं झाड आहे. तिथवर पेडल मारायचं, तिथून उतरून ढकलायचं. आणि ढकलताना बोलायचं. दोन पुरुष समोरासमोर बसून काय बोलणार हो? पाऊस पडेल का, नाही पडणार. पण सायकल ढकलताना दोघांची नजर आपापल्या पुढच्या चाकावर असते, तिथे बोलता येतं. त्याच्या मुलाचं लग्न मोडलं ते मला तिथे कळलं. ऑल्वेनच्या — माझी बायको हो, गेली — तिच्या आजाराचं नाव मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं ते त्या झाडाखाली. मर्विननं हात पुढे केला. माझी सायकल माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही सायकली एकट्यानं वर ढकलत नेल्या. दोन हातांनी दोन. मी मोकळ्या हातांनी मागून. — तो पाना द्या जरा. तो नव्हे, लहान. हं.

तर या वर्षी थंडी सरली आणि मर्विन नवी सायकल घेऊन आला. माझ्याकडून नाही घेतली. पुतण्यानं शहरातून पाठवली, म्हणाला. ठीक आहे, मी धंद्यातला माणूस, गिऱ्हाईक गेलं म्हणून रडलो असतो तर कधीच बुडालो असतो. पण जेकबचा चढ आला, ओकचं झाड आलं, मी उतरलो — आणि मर्विन उतरलाच नाही! गेला की सरळ वर, शीळ घालत! बाई, हा माणूस माझ्यासमोर त्या चढावर गुडघ्यावर बसलेला आहे. मी धापा टाकत फाटकाशी पोचलो आणि म्हटलं, “म्हाताऱ्या, खातोस तरी काय?” तर म्हणतो, “खातो काय ते विचारू नकोस, सोडलं काय ते विचार. ख्रिसमसपासून चीज सोडलंय, विल्फ. पाय बघ, पिसं झालीत.” आणि माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायला. त्याच्या सायकलला बाटली होती हं! काळी, चांगली जाडजूड. म्हटलं, तिचं काय झालं? तर म्हणे तिच्यातलं पाणी प्लास्टिकसारखं लागतं.

आणि मी चीज सोडलं. हसू नका. हसा, हसा, सगळ्यांनी हसून झालंय. कालवडीत नांगऱ्याचं ताट खाल्लंय कधी? जाड पाव, लोणच्यातला कांदा, सफरचंदाची फोड, आणि मधोमध दाराला पाचर लावावी तसा चीजचा तुकडा. ताट त्याचंच, बाकीचे सगळे वऱ्हाडी. नोरीन — मालकीण ती — तिला म्हटलं, माझ्या ताटात चीज नको. ती बघतच राहिली. “बरं नाही का, मिस्टर प्रॉसर?” म्हटलं, पाय हलके करतोय. तर हेटीला खोकल्याची उबळ. मला वाटलं, कांदा लागला. पाठीत थापट्या मारल्या मी तिच्या! आणि मर्विन म्हणतो, “शाब्बास, विल्फ.” त्याच्याही ताटात चीज नाही, बरं का. एक खोटं निभवायला माणसाला स्वतःच्या जिभेवर किती दगड ठेवावे लागतात बघा. चीज म्हणजे जीव की प्राण त्याला. दोघं समोरासमोर बसून कांदा-पाव चावतोय, सगळा वसंत, आणि बाकीचे खाली मान घालून आपापलं चीज कापताहेत.

पाय? काडीचे हलके झाले नाहीत. उलट एकट्यानं ढकलताना चढ लांबला.

मग तो रविवार. फाटकाला साखळी — शेतकऱ्यानं आत वासरांसकट गाई सोडलेल्या. मग काय, बाजूला भिंतीत दगडी पायऱ्या आहेत, त्यांवरून एकेक सायकल उचलून पलीकडे द्यायची. हेटीची दिली, सगळ्यांच्या दिल्या. मर्विन म्हणाला, माझी मी बघतो. बघतो कसला, दुसऱ्याच पायरीवर डगमगला. मी मागून हात घातला. बाई, हा धंदा मला बापानं शिकवला नाही, कुणीच नाही, मी हातांनी शिकलो. डोळे बांधा आणि माझ्या हातात सायकल द्या, ती कुणाची ते सांगतो, नशीब असेल तर मालक चिडका आहे की नाही तेही सांगतो. त्या दिवशी मागचं चाक उचलताना माझ्या हातांत जे वजन आलं, ते सायकलचं नव्हतं. बोटं चाकाच्या मध्यावर गेली — गडूएवढी मोटार! तिथून वायर. वायर धरून वर गेलो, तर ती जाडजूड काळी बाटली. पाणी प्लास्टिकसारखं लागतं म्हणे! विजेसारखं लागलं असतं.

मग काय केलं? उचलली, पलीकडे दिली. तो घेताना माझ्याकडे बघेना. “जरा जड आहे,” म्हणाला. मी म्हटलं, “असणारच, सगळं माझं चीज आहे तिच्यात.” — नाही, खरं सांगतो, तसं म्हटलं नाही. ते घरी आल्यावर सुचलं. तेव्हा नुसतं “हो” म्हटलं.

आणि खाली आलो, बसलो. नोरीन आली. “बिनचीजचं ना, मिस्टर प्रॉसर?” म्हटलं, “नाही, नोरीन. आज चीज आण. दोन तुकडे आण.” बाई, काय शांतता पसरली त्या टेबलावर! आणि तेव्हा कळलं मला. मोटार वर पायरीवर सापडली, खरी गोष्ट टेबलावर सापडली. एकालाही नवल वाटलं नाही! कुणीतरी म्हणायला हवं होतं ना, “काय विल्फ, आज व्रत मोडलं?” कुणी नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारपासून. नोरीनलासुद्धा — तिच्या स्वयंपाकघरात जेवण होईतो ती बाटली विजेला लावून ठेवायचे म्हणे! मी कांदा खात बसायचो आणि भिंतीपलीकडे त्याचे पाय चार्ज व्हायचे.

दोन्ही तुकडे खाल्ले मी. सावकाश. मर्विन म्हणाला, “विल्फ, ऐक तरी.” मी म्हटलं, “नोरीन, लोणचंही आण.” त्यानंतर तो दुकानाकडे फिरकलेला नाही, आणि मी फेरीला गेलेलो नाही.

हेटी आली होती परवा, वकिली करायला. त्याच्या हृदयाचं सांगत होती. डॉक्टर म्हणाले, चढ बंद, नाहीतर मोटार घ्या. मग सांगायचं होतं ना! मला सांगायचं होतं! ज्या झाडाखाली मी — तर म्हणते, “कसा सांगेल तो, तुझी पाटी रोज वाचतो.” पाटीचा काय संबंध? पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे. “आणि बेझिल?” म्हणाली. बेझिलचं काय? तो गेल्या उन्हाळ्यात राजरोस मोटारवाली घेऊन आला, तेव्हा मी पुठ्ठ्याची नंबर प्लेट रंगवून त्याच्या सीटमागे बांधली आणि कालवडीत सगळ्यांदेखत त्याला विचारलं, लायसन्स आहे का आजोबा? पोट धरून हसले सगळे. गंमत होती! तो नंतर आला नाही, त्याला मी काय करू, कातडीच पातळ त्याची. मर्विन तर सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. टेबलावर हात आपटून हसला. आणि मग एकदम बाहेर गेला, हवा खायला म्हणून... गेल्या उन्हाळ्यात. हेटी म्हणाली, डॉक्टरांनी त्याला सांगितलं ते — कधी म्हणाली बरं ती? — नाही, तसं नसेल. तो बाहेर गेला तेव्हा उकडत होतं. पब भरलेला होता. — चाक फिरवा. ऐका. काही घासतंय? नाही ना. मग झालं.

मोटारीचा राग नाही मला. खरंच नाही, असं बघू नका. मी त्या झाडापासून फाटकापर्यंत एकटा येत होतो, त्याचं म्हणतोय. सवयीनं बोलायला लागायचो आणि बाजूला बघायचो तर कुंपण. एकदा तर बरंच बोललो, एका मेंढीनं सगळं ऐकून घेतलं. त्याला झाडाशी उतरता नसतं आलं? मोटार बंद करून, माझ्या चालीनं? जड आहे म्हणता? असू दे की जड! मी ढकलली असती. दोन हातांनी दोन. मला येत नाही असं वाटलं की काय त्याला? एकदा, फक्त एकदा, माझी पाळी येऊ द्यायची होती.

काय म्हणालात? उद्या? छे, उद्या मी नाही. गुडघा आहे, दुकान आहे, हा सगळा पसारा आहे. तुम्ही जा. सायकल तयार आहे, उताराला दोन्ही ब्रेक एकदम दाबू नका, आणि नोरीनच्या हातचं चीज सोडू नका, कुणी काहीही सांगितलं तरी.

आणि एक ऐका. तुम्ही नव्या, तेव्हा जेकबच्या चढावर शेवटच्या तुम्हीच असणार. झाडाशी उतराल, ढकलाल. वर फाटकाशी मर्विन उभा असेल. लिलावाच्या आवाजात ओरडेल, “सगळे वर?” नवी माणसं लाजतात हो. भूक लागलेली असते, पुढचे ताटकळलेले असतात, देतात ठोकून, “सगळे वर!” तुम्ही तसं करू नका. या वसंतात आम्ही दर रविवारी दुकानासमोरून किती निघायचो ते हेटीला विचारून ठेवा आणि फाटकाशी पोचलात की स्वतःचं सोडून सावकाश एकेक डोकं मोजा. मी सांगितलं म्हणून सांगू नका त्याला. पण एक कमी भरला, तर कमी आहे म्हणा. मोठ्यानं म्हणा, कानही गेलेत त्याचे.

चला, घ्या ही. दार ओढून घ्या, आज लवकर बंद करतोय मी. बाकी काही नको मला, बाई. तेवढा हिशेब खरा ठेवा.