उजवीकडचा मॉनिटर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी नंबर लागायची वाट बघत होतो. माझ्यापुढे एक काका होते, टेबलापलीकडे दुरुस्ती करणारी मुलगी.

“काका, तुमचा लिहायचा प्रोग्रॅम, एडिटर, बिघडलेला नाही. विंडो उघडतेय, पण पार उजवीकडे, स्क्रीनच्या बाहेर. शेजारी दुसरा मॉनिटर होता का?”

“होता ना. आमच्या हिचा. मी लेख लिहायचो आणि तपासायला तिच्याकडे सरकवायचो. एका वाक्यात तीन चुका काढायची.”

“मग तो जोडा की परत.”

“लेक घेऊन गेली. म्हणाली, बाबा, आता एकट्याला दोन कशाला?”

“...अच्छा. हे बघा, ही बटणं दाबली, आली विंडो इकडे.”

“आली की गं!”

“आता कॉम्प्युटरच्या लक्षात राहिलेली ती जुनी जागा पुसून टाकते, म्हणजे परत तिकडे जायची नाही.”

“नको, नको. पुसू नकोस.”

“अहो काका, रोज ओढून आणावी लागेल.”

“आणीन. तू मला बटणं तेवढी शिकव. आधी तिकडेच उघडू दे. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही.”