जेवली का, असं इंग्रजीत इचारत नाहीत

माहा जनम मेहकरचाच. बाप वांगे, मेथी लावे, माय बाजारात इके, अन् मी घरातली पयली पोरगी मॅट्रिकलोक गेलेली. महाराष्ट्र नवानवाच झाला होता तवा. आमच्या घरासमोर दाताचा एक चिनी डॉक्टर राहे, कलकत्त्याकडून आलता, त्याले बाजारापुरती हिंदी ये, पन त्याची बायको, तिले मी मावशी म्हनो, तिले चिनीशिवाय काहीच येत नव्हतं. काय सांगू तुमाले, दिवसभर बाई मुकी.

एक दिवस डॉक्टर मायजवळ आला, म्हने पोराचं लगन कलकत्त्याले ठरलं, सून किरिस्ताव हाय, तिले इंग्रजीच येते, आता हिले सुनेपाशी राहाले जायचं हाय, तुमच्या पोरीनं हिले बोलन्यापुरतं शिकवावं. मले कुठं येत होतं बाप्पा, पुस्तकातलं येत होतं. पन रोज दुपारी आम्ही ओट्यावर बसो, मी वांगं उचलून ब्रिंजल म्हनो, ती भलतंच काही म्हने, दोघी हासो.

सून दारात आली त पयलं काय बोलायचं? मी म्हटलं, जेवली का, असं इचारायचं. हात तोंडाशी नेऊन दाखवलं त तिचा चेहरा असा खुलला, नवऱ्याले बलावून आनलं तिनं, तो म्हने आमच्या मुलखातबी मानूस भेटला का हेच इचारतात. घ्या आता. मंग काय, हॅव यू ईटन, हॅव यू ईटन, ती मले दारातूनच आवाज दे, मी म्हनो येस, भाकर अन् भाजी, मंग ती अर्धं इंग्रजी अर्धं हातवारे करून इचारे कोनं केली, तिखट होती का, त्या एका वाक्यात दुपार निंघून जाये.

तिची जायाची येळ आली अन् माहा मोठा भाऊ नागपूरच्या कॉलेजातून घरी आला. त्यानं आयकलं न् पोट धरून हासला. म्हने, इंग्रजीत असं कोनी इचारत नाही, सुनेपुढं हसं होईन बाईचं, हाऊ डू यू डू म्हनायचं, समोरचाबी तेच म्हनते, झालं. मी म्हटलं, मंग पुढं? म्हने, पुढं काही नाही. मावशीनं ते घोकघोक घोकलं. जायच्या दिवशी यष्टी स्टँडवर तिनं मले हॅव यू ईटन म्हटलंच नाही, हात पुढं केला अन् हाऊ डू यू डू म्हटलं, परक्यासारखं. मले लय रडू आलं. भावाले तरी काय बोलू, इंग्रजी त त्याचीच बरोबर होती.

सालभरानं डॉक्टर कलकत्त्याहून इथलं दुकान आवराले आला. मायनं इचारलं, कशी हाय बाई? तो दात काढायच्या खुर्चीचे नट ढिले करत होता, मान वर न करता म्हने, सुबह सास-बहू एक-दूसरे को हाऊ डू यू डू बोलती हैं, फिर दिनभर कुछ नहीं.

आता माहे नातू इंग्रजी शाळेत जातात, फटाफटा बोलतात. मी आयकत राहातो. मावशी आता कुठची असन, पन मनात येते, मरेलोक तिले कोनी इचारलं असन का, जेवली का म्हनून. जाऊ द्या. तुमी इतक्या दुरून आले, मघापासून मलेच बोलाले लावून राह्यले. तुमी जेवले का? मंग बसा, भाकर टाकतो, वांगंच हाय आज.