काझीसमोरची साक्ष

(अंगणाच्या पलीकडच्या टोकाला बायका बाजरी कांडत आहेत. त्या आवाजात इकडचं बोलणं तिकडे जात नाही. म्हाताऱ्या तलातूला लढाईवरून परतलेला बारौ ‘इन्ना’, म्हणजे आई, म्हणतो.)

तलातू : ...पाऊस, जळवा, दलदल, सगळं ऐकलं रे बारौ. पण दोन पावसाळे तुम्ही समुद्रापलीकडे ब्रह्मदेशात लढलात आणि इथे कुणाला पत्ता नाही?

बारौ : जिल्ह्याच्या साहेबालाच नाही, इन्ना. परवा विचारत होता, वाळवंटात होतास ना म्हणून. अगं, तिथे कलादान नदीकाठच्या रानात गाडी जाईना, खेचर जाईना. तोफगोळे, पीठ, साहेबाची खुर्ची, सगळं आम्ही डोक्यावर वाहिलं.

तलातू : आणि तुझ्याबरोबरचा?

बारौ : कोण, सांबो?

तलातू : तुझी आई घेते का थोरल्या लेकाचं नाव? माझ्यासमोर नको घेऊस. नुसतं सांग.

बारौ : मांडीत गोळी लागली. चौघांनी झोळी डोक्यावर घेतली, पुढे मी. तीन दिवस चाललो.

तलातू : बोलत होता?

बारौ : पहिल्या दिवशी आमच्या चालण्याची चेष्टा करत होता. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी गप्प. आम्हाला वाटलं, बरं झालं, डोळा लागला.

तलातू : मग?

बारौ : नदीपलीकडून जपान्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. सार्जंट म्हणाला, ठेवा आणि पळा. बांबूच्या बेटात ठेवला आणि पळालो.

तलातू : चेहरा पाहिलास?

बारौ : डोक्यावरच्या माणसाचा चेहरा कसा दिसणार? खाली ठेवतानाही माझी पाठच होती त्याच्याकडे. तीन दिवस वाहिला, इन्ना, आणि शेवटी एकदा बघितलं नाही मी. माफ कर मला.

तलातू : ते राहू दे. ती बघ, माझी सून. देलू. वीस वर्षांची आहे. सरकारी कागदात तो बेपत्ता. काझी म्हणतात, मेल्याचा साक्षीदार आणा, तोवर ती त्याचीच बायको. तिला मागणी आलीय. माणूस बरा आहे, पण फार थांबायचा नाही.

बारौ : मग मी काय करू?

तलातू : उद्या काझींना सांग, मेलेला पाहिला म्हणून.

बारौ : कुराणावर हात ठेवून खोटं बोलू? अल्लाला काय सांगू?

तलातू : म्हातारीने गळ घातली म्हणून सांग.

बारौ : तुला काहीच आशा नाही का?

तलातू : आहे ना. म्हणून तर पोरीला इतके दिवस अडकवलं. रोज त्याच्या वाटणीचा तुवो, बाजरीचा शिजवलेला गोळा, झाकून ठेवते आणि सकाळी शेळीला घालते. आता पुरे झालं.

बारौ : आणि तो उद्या दारात येऊन उभा राहिला तर?

तलातू : तर शिव्या मी खाईन. तू सकाळी लवकर ये.