रोझीच्या लग्नाचं आइस्क्रीम

छगन : खाली आग आन् वर बर्फ? कृपादानदादा, केडगावात जलमभर बत्त्या दुरुस्त केल्या, पर असलं उलटं कपाट न्हाई बघितलं.

कृपादान : कपाट म्हणू नकोस, छगन. रेफ्रिजरेटर आहे. या बंगल्याच्या मडमसाहेब महाबळेश्वरला जाताना म्हणाल्या, खानसामा, तुमच्या रोझीच्या लग्नाला वापरा. खाली रॉकेलची बत्ती जळते आणि वर बर्फ होतो. कसा, ते मला विचारू नकोस.

छगन : मग बिघडलंय काय?

कृपादान : आइस्क्रीम सकाळी घट्ट, दुपारी खीर, संध्याकाळी परत घट्ट. उद्या लग्न. इथल्या सगळ्या नेवाशाला सांगून बसलोय. व्याही आमोस मास्तर तर घरून चमचा घेऊन येणार आहेत.

मरियम : देवळात उपासनेला उभं राहून जाहीर करा म्हनून कुनी सांगितलं हुतं तुमाला? आता मांडवात लेकीची मान खाली जाईल.

छगन : वात चांगली हाय. काजळी न्हाई. कपाट बी सरळ उभं हाय. मग ज्योत एवढुशी का?

कृपादान : मी तर मोठी ठेवली होती.

छगन : वैनी, तुमी खिडकीभाईर काय बघताय?

मरियम : मीच बारीक करते. दूध गार करायचं आन् खालनं जाळ घालायचा? हे मोठी करत्यात, यांची पाठ वळली की मी बारीक करते.

कृपादान : मरियम, इतकी वर्षं संसार केलास माझ्याबरोबर.

मरियम : केला की. पर चुलीवर बर्फ करायला तुमी कधी शिकवलं न्हाई.

छगन : बरं, आता बत्तीला हात लावू नका. तरी नुसत्या ज्योतीनं एवढी खीर व्हायची न्हाई. दार कोन उघडतं?

कृपादान : कोणी नाही. फक्त प्रार्थनेपुरतं.

छगन : कसली प्रार्थना?

मरियम : दार उघडायचं, भांड्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे. माझ्या भाकरी थापून व्हत्यात तरी यांचं आमेन येत न्हाई.

छगन : भर वैशाखात दार सताड उघडं ठिवून?

कृपादान : आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवूनच प्रार्थना करतो ना आपण? मग बंद दारावर कशी करू?

छगन : दादा, तुमच्या प्रार्थनेनंच त्ये आजारी पडलंय. आता मी हितंच पाट टाकून बसतो. वैनींचा हात बत्तीला न्हाई, तुमचा दाराला न्हाई.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. बंगल्याच्या स्वयंपाकघरात तिघंच. बाहेर मांडवात पाहुण्यांची गडबड.)

मरियम : चमचा शिरंना आत. छगनभावजी, दगड झालाय नुसता.

छगन : आमोस मास्तरांना सांगा, चमचा ऱ्हाऊ द्या, पहार आना.

मरियम : अवं, तुमी बी हसा की. एक इचारू? आइस्क्रीमसाठी कुनी एवढी लांब प्रार्थना करतं व्हय?

कृपादान : आइस्क्रीमचं एका वाक्यात संपायचं.

मरियम : मग बाकीची?

कृपादान : बाकीची रोझीची. घरभर पाहुणे. इथं उभं राहिलं की डोळ्यांना पाणी आलं तरी म्हणता येतं, गारव्यानं आलं.

छगन : मी जरा मांडवात बघून येतो.

मरियम : कपाटाचं दार लावा त्ये. हितं बसा माझ्याजवळ आन् करा सुरू. मी बी डोळे मिटते.