तोंडपाठ पत्ता

माजा बापूस, आमचा बावा, रत्नागिरीच्या बाजूचा, कोकणी मुसलमान, आणि आय कुर्द, इराकच्या डोंगरातली. आमी तिला दाया म्हणायचो, तिच्या भाषेत आयला तेच म्हणतात. बावा बसऱ्याला शिंपीकाम करायचा, तिथं दायाचं घर पळून आलेलं, बाप तुरुंगात, भाऊ लपलेले, कुर्दांना हक्क पायजेत म्हणून भांडणारं घर ते. नानीनं विचार केला, पोर तरी सुखरूप राहू दे, निका लावला, आणि बावा तिला घेऊन कुवेतला आला. मी इथलीच, मुरगाबच्या गल्लीत जन्मलेली.

काय सांगू तुमाला, एकटी होती हो माजी आय. गल्लीत अरब बायका, इराणी बायका, आमच्या कोकणातल्या दोघी, पण कुर्द एक नाय. पीठ मळताना त्या पिठाशी बोलायची तिच्या भाषेत. बावा हौसेनं मासळी आणायचा, ती नाक धरून रांधायची.

आणि कागद घरात राहू द्यायची नाय. माहेरी पोलिस आले की बाया रोट्या भाजायला बसायच्या, पत्रकं सगळी तंदूरच्या आगीत, तीच सवय. बावाला गावाहून आलेलं पत्र, माजं शाळेचं प्रगतीपुस्तक, बघून झालं की तंदूरात. बावा ओरडायचा, अगं इथं कोण येतंय धाड घालायला, ती म्हणायची, तिथंपण आधी असंच म्हणायचे.

मी नऊ वर्षांची असताना धाकट्या मामूचं पत्र आलं, एका ट्रकवाल्याच्या हातनं. अरबीत होतं, दायाला वाचता येत नव्हतं, मीच वाचलं. जिवंत आहे, नाव बदलून राहतोय, हा पत्ता, पण तीन महिने लिहू नकोस, पाळत आहे. तीनदा वाचून घेतलं तिनं, मग म्हणाली, पत्ता डोक्यात ठेव, आमच्या घरात पोरीच ठेवतात, आणि पत्र तंदूरात टाकलं. बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. ठेवला म्हटलं आणि पळाले.

तीन महिन्यांनी तिनं माज्यापुढं कागद मांडला, लिही म्हणाली. मला काय आठवेना. गल्ली नाय, घर नाय, मामूचं नवं नावपण नाय. ती अशी बघत होती, इतकी खूश मी तिला कधी बघितलेली नाय, माज्याच्यानं सांगवलंच नाय, मग मी मनानं एक गल्ली रचली, न्हाव्याचं दुकान रचलं, नाव रचलं, आणि लिहिलं. मग दर ईदेला तेच, सहा वर्षं, पाकिटावर तोच रचलेला पत्ता. उत्तर येणार कुठनं? नवरोजला ती गच्चीवर छोटीशी आग करायची, त्यांचा सण तो, सातव्या वर्षी केली नाय. म्हणाली, धरला गं त्याला, नायतर उत्तर दिलं असतं. तेव्हा तरी बोलायचं ना मी! नाय बोलले. आणि मामू तिकडं समजला असंल, बहीण सुखात पडली, विसरली.

दाया गेली, बावा गेला. आता मी लेकाकडं, सबाह अल-सालेमला, दिवसभर घरात एकटी, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात, सांगू कुणाला. कागद मात्र एक फेकत नाय मी, दुकानाची चिठ्ठीपण ठेवते, सून हसते. हसू दे, अल्ला तिला सुखी ठेवो, तुमालापण. तो रचलेला पत्ता आजपण तोंडपाठ आहे, गल्ली, न्हाव्याचं दुकान, नाव, झोपेतनं उठवलंत तरी सांगेन. खरा तेवढा आठवत नाय.