लुंबिनी खाली राहिली

…आणि चढ म्हणजे कसला चढ, तुम्हाला सांगते, पाय माझे आणि श्वास कुणाकडून तरी उसना आणलेला, असं झालं होतं, त्यात पुढं तो नेपाळी वाटाड्या, दर वळणावर त्याचं एकच, "दीदी, बस थोड़ा-सा"… आता त्याचं थोडंसं म्हणजे आपलं किती, ते मी देवाला विचारत चालले होते!

तुम्ही म्हणाल, कौशल्याबाई, धाड गावाहून उठून नेपाळचा पहाड चढायला तुम्हाला सांगितलं कुणी? कुणीच नाही हो. कपाशीनं नेलं. आमचं बियाण्याचं दुकान, कंपनीची स्कीम, बीटी कपाशीची ठरलेली पाकिटं विका आणि नवरा-बायको नेपाळला जा. मला वाटलं, देवळं दाखवतील, स्वेटर घेऊ, परत येऊ. विमानातून उतरल्यावर हातात काठी आणि पायात कंपनीचे बूट दिले. आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

बरं, ती पाकिटं… शेवटी दोनच कमी पडत होती. आणि नेमकी दुकानात आली जनकाबाई. मागच्या आळीतली, माझ्याच वयाची, नवऱ्यामागं एकटीनं शेती करते. ती आली होती तुरीचं बियाणं घ्यायला. मी म्हटलं, अगं, तूर कसली, कपाशी लाव, या बियाण्याला अळी शिवत नाही. म्हणजे हे माझं नव्हे, भिंतीवरच्या पोस्टरवर होतं, मी आपलं वाचून दाखवलं… यात माझी काय चूक?

ती पोस्टरकडं पाहीना, माझ्याकडंच पाहत राहिली. मग म्हणाली, "दोन पाकिटांसाठी तुहं नेपाळ अडलं का, माय? दे."

आणि दारातून वळली. "तिकडं जाऊनच राह्यली तर लुंबिनीची चिमूटभर माती आणजो. बुद्ध जन्मले ती जागा. मले काही जमत नाही जायले."

मी म्हटलं, चिमूट काय, डबा भरून आणते. स्टीलचा डबा बॅगेत सगळ्यात आधी ठेवला, बरं का, साड्यांच्याही आधी.

आता आपल्याकडं कसं असतं? देवी वर, महादेव वर, पीरबाबाही वरच. पवित्र जागा म्हटली की ती डोंगरावर, घाम गाळल्याशिवाय दर्शन नाही. म्हणून मी धरूनच चालले की लुंबिनी सगळ्यात वर असणार. त्यात विचारायचं ते काय! बाकीच्या दुकानदारांच्या बायका पहिल्याच वळणावर फोटो काढून बसल्या. आमचे हे अर्ध्यात चहाच्या टपरीवर थांबले, म्हणे, तू हो पुढं, मी सामान पाहतो. सामान केव्हाच हमालाच्या पाठीवरून पुढं गेलेलं! मी एकटी निघाले, डबा पोटाशी धरून. वाटाड्या म्हणतो, दीदी, आराम करो. मी म्हटलं, नको बाबा, कुणाला तरी शब्द दिलाय.

आणि मोबाइलला रेंज कुठं यावी? नेमकी तिथं, कड्यावर! जनकाबाईचाच फोन. मी आधीच सांगून टाकलं, तुझ्या लुंबिनीलाच चढतेय, आता पोचलेच! थंडी लय आहे का, कान बांधले का, पायाला तेल लाव, सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणते, "आज बोंडं फोडून पाह्यली. वरून हिरवीगार, आतून अळीनं खाल्लेली. सारं वावर तसंच. जाऊ दे, तू सांभाळून चढ."

तिनं शिव्या द्यायच्या ना हो! कान बांधले का विचारते! तिथून पुढं कंपनीचे बूट पायाला नाही, काळजाला चावत होते. वावर तर माझ्यापायी गेलं, निदान माती तरी न्यावी, म्हणून कुठं रांगत, कुठं बसून सरकत, पोचले बाई वर. वर काय? वारा, बर्फ आणि एक झेंडा. म्हटलं, लुंबिनी कुठं आहे?

वाटाड्या हसला. "लुम्बिनी तो नीचे है, दीदी। बिलकुल नीचे, मैदान में। वहाँ तक तो गाड़ी जाती है।"

गाडी जाते! म्हणजे मी जितकी चढत होते तितकी लुंबिनी लांब चालली होती… आणि दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान. मग तिथलीच माती भरली डब्यात. मातीसारखी माती, जनकाबाईला काय कळणार, असं आलं मनात. आलं हो, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर डबा नेऊन दिला. तिनं पदर सावरून दोन्ही हातांनी घेतला, बुद्धांच्या फोटोसमोर ठेवायला निघाली, आणि माझी जीभ काही राहिना. म्हटलं, थांब. ती लुंबिनीची नाही.

"ठाऊक आहे मले," ती म्हणाली. "लुंबिनी सपाटीवर आहे. तू पहाड चढून राह्यली होती."

म्हटलं, मग फोनवर सांगितलं का नाहीस? मी कशाला चढले असते?

डब्याचं झाकण लावत ती शांतपणे म्हणाली, "तू किती हौसेनं सांगत होती. मीबी पाकिटं अशीच घेतली होती."

आता यात माझी काय चूक, हे मी तुम्हाला कुठल्या तोंडानं विचारू? दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून तिच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेले. वावर अगदी सपाट, तुम्हाला सांगते… दम मात्र पहाडापेक्षा जास्त लागला.